साठ डॉलरचा ठिपका आणि साडेआठशेचा: स्वस्त रेड डॉट साइट घेताना पैसे कशाचे मोजायचे?

अमेरिकेतल्या बंदुकीच्या दुकानात काचेच्या कपाटापाशी उभा राहिलेला नवखा गिऱ्हाईक एका गोष्टीने हमखास चक्रावतो. बंदुकीवर बसवून नेम धरायची रेड डॉट साइट, म्हणजे अंगठ्याएवढी काळी वस्तू, वर छोटीशी काच. एकीवर ६० डॉलरची चिठ्ठी आणि शेजारच्या, जवळपास तशाच दिसणाऱ्या दुसरीवर ८५० डॉलरची. दोन्हींतून पाहिलं तर दिसतो तो लाल ठिपकाच. मग फरक कसला? नावाचा?

हा प्रश्न आता फक्त हौशी नेमबाजांचा राहिलेला नाही. अमेरिकी सैन्याने जानेवारी २०१७ मध्ये निवडलेलं एम१७ हे पिस्तूल असा ठिपका बसवता येईल अशा बेतानेच घडवलेलं आहे. अनेक शहरांच्या पोलिसांनी ड्यूटीच्या पिस्तुलावर तो चालवून घेतला आहे. त्यामुळे ज्यांनी आयुष्यात पहिली बंदूक परवा घेतली, त्यांनाही दुकानदार विचारतो, ‘रेड डॉट घालायचा ना?’ टेक्सास-जॉर्जियाकडे स्थायिक झालेली आपली मराठी मंडळीही या गिऱ्हाइकांत आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी लहानपणी जत्रेतल्या फुग्यांपलीकडे कशावर नेम धरलेला नसतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लाल ठिपका उमटवणं ही फार स्वस्त गोष्ट आहे. तो जागचा हलू न देणं महाग आहे. साइट घेताना पैसे मोजायचे ते या दुसऱ्या गोष्टीचे.

ठिपका नेमका असतो कुठे?

रात्रीच्या एसटीत खिडकीशी बसलं की बाहेरच्या काळोख्या शेतांवर गाडीतला दिवा तरंगताना दिसतो. दिवा शेतात नसतो. खिडकीच्या काचेत त्याचं प्रतिबिंब असतं आणि त्याच काचेतून पलीकडचं शेतही दिसत असतं. रेड डॉट साइट म्हणजे मुळात हीच खिडकी: मागच्या बाजूला एक बारीक एलईडी, पुढे एक काच, आणि काचेवरून डोळ्याकडे परतणारा लाल उजेड.

पण एसटीतल्या त्या दिव्याने नेम धरता येणार नाही. मान जराशी हलवली की तो बाभळीवरून सरकून विजेच्या खांबावर जाऊन बसतो. त्याच खिडकीतून दिसणारा चंद्र मात्र तसा सरकत नाही. मान हलवा, गाडी दोन शेतं पुढे जाऊ द्या, तो त्याच दिशेला असतो, कारण तो फार लांब आहे. साइटची सगळी करामत एवढीच, की तिने दिव्याला चंद्राइतकं लांब नेऊन ठेवलेलं असतं. तिची काच सपाट नसून किंचित वक्र असते आणि एलईडी बरोबर तिच्या नाभीशी (फोकसशी) बसवलेला असतो. त्यामुळे परतणारे किरण एकमेकांना समांतर येतात. डोळ्याला वाटतं, हा ठिपका कुठेतरी क्षितिजापाशी आहे. डोळा काचेच्या मधोमध नसला, जरा डावीउजवीकडे असला, तरी ठिपका लक्ष्याला धरून राहतो.

कल्पना जुनी आहे. डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब या दुर्बिणी बनवणाऱ्या गृहस्थाने १९०० साली तिचं पेटंट घेतलं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, जर्मन लढाऊ विमानांवर ती पोहोचली. १९७० साली उत्तर व्हिएतनाममधल्या सोन ते इथल्या तुरुंगावर अमेरिकी कमांडोंनी छापा घातला, तेव्हा त्यांच्या रायफलींवर एका जवळच्या जातकुळीची साधी साइट होती. तिच्यातून पलीकडचं काही दिसतच नसे. एका डोळ्याला ठिपका दिसे, दुसऱ्या उघड्या डोळ्याला लक्ष्य, आणि दोन्हींची सांगड मेंदू घाली. एलईडी आणि बॅटरीवर चालणारी, आजच्या अर्थाने पहिली रेड डॉट साइट स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये बाजारात आणली.

म्हणजे ठिपक्याच्या तंत्रात आता गुपित काही उरलेलं नाही. कुठलाही कारखाना तो बनवू शकतो. म्हणून तर तो ६० डॉलरला मिळतो.

एक गैरसमज लगेच दूर करतो. सिनेमात माणसाच्या छातीवर लाल टिंब फिरताना दिसतं, ते हे नव्हे. तो लेझर. तो बंदुकीतून बाहेर जातो आणि समोरच्यालाही दिसतो. रेड डॉटचा उजेड उलट, नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडे येतो. ही दुर्बीणही नाही. काहीच मोठं होऊन दिसत नाही.

‘लोखंडी साइट फुकट येते की! मग हे कशाला?’

रास्त शंका. बंदुकीवर मागे एक खाच आणि पुढे एक उभी दांडी असतेच. खाच, दांडी आणि लक्ष्य या तिन्ही गोष्टी एका रेषेत आणायच्या. अडचण ही, की डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. शिकवणारे सांगतात, दांडीवर नजर ठेव आणि लक्ष्य धूसर दिसू दे. शिकता येतं, पण वेळ लागतो. आणि चाळिशी लागली की पंचाईत होते, कारण हातभर अंतरावरची ती दांडीच नेमकी पुसट होते. ठिपका लांब असल्यासारखा दिसतो, म्हणून लांबचं नीट दिसणाऱ्या माणसाला तो चाळिशीनंतरही स्वच्छ दिसतो. नजर लक्ष्यावर ठेवायची, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, ठिपका आपोआप त्यावर येतो. मला विचाराल तर पन्नाशीतल्या माणसासाठी हे एवढं एकच कारण पुरेसं आहे.

मात्र पिस्तुलावर सुरुवातीचे काही आठवडे वैताग येतो. पिस्तूल उचललं की काचेत ठिपका सापडतच नाही, कारण मनगट एक-दोन अंश वर किंवा खाली असतं. लोखंडी साइट निदान कुठे चुकलं ते दाखवते, रिकामी काच काहीच सांगत नाही. साइट कितीही महाग घेतली तरी हा सराव चुकत नाही. रायफलीवर त्रास कमी, कारण गाल दस्त्याला टेकलेला असतो आणि डोळा दर वेळी त्याच जागी येतो.

मग पैसे जातात कुठे?

नेमबाज ‘झिरो’ करतात. म्हणजे ठराविक अंतरावर, समजा ५० यार्डांवर, गोळ्या मारून बघतात आणि ठिपका व गोळीचं भोक एकाच जागी येईपर्यंत साइटवरचे दोन बारीक स्क्रू फिरवतात. एकदा झिरो झालं की ते टिकलं पाहिजे. पाचशे गोळ्यांनंतर, उन्हात गाडीत राहिल्यावर, दाराच्या चौकटीवर आपटल्यावर, सहा महिने कपाटात पडून राहिल्यावरही.

स्वस्त साइट मार खाते ती इथे. आतली एलईडी धरून ठेवणारी यंत्रणा स्प्रिंग आणि स्क्रूंवर तोललेली असते. दर गोळीला तिला हिसका बसतो. स्क्रूचे आटे सैल कापलेले असतील तर झिरो भटकतं. दोन टिचक्या (स्क्रू फिरवताना ‘टिक’ वाजणाऱ्या पायऱ्या) फिरवल्या तरी ठिपका हलत नाही आणि तिसऱ्या टिचकीला एकदम उडी मारतो. बॅटरीची पत्ती हिसक्याने क्षणभर सुटली तर ठिपका लुकलुकतो. जोडावरचं रबर नीट बसलेलं नसेल तर पावसात आतून वाफ धरते. आणि काचेचा वक्र काटेकोर नसेल तर ठिपका चंद्राइतका लांब न राहता जवळ येतो, आणि डोळा सरकला की तोही सरकतो.

या शेवटच्या दोषाला पॅरालॅक्स म्हणतात. डब्यावर ‘पॅरालॅक्स फ्री’ असं ठणकावून लिहिलेलं असलं तरी पूर्ण मुक्ती कोणालाच मिळालेली नाही. किरण अगदी समांतर असले तरी डोळा मध्यापासून जेवढा बाजूला, तेवढी चूक राहते. म्हणजे फार तर काचेच्या अर्ध्या रुंदीएवढी, साधारण सेंटिमीटरभर. घरगुती अंतरांवर ती नगण्य आहे. ढिसाळ काचेत मात्र ही चूक अंतरासोबत वाढत जाते. उपाय फुकटचा आहे: ठिपका होईल तेवढा काचेच्या मध्याशी ठेवायचा.

पैसे जास्त मोजले की हे सगळं आपोआप सुटतं, असंही नाही. ईओटेक ही या धंद्यातली नावाजलेली अमेरिकी कंपनी. तिच्या होलोग्राफिक साइट, म्हणजे लेझरने उजळणाऱ्या वेगळ्या जातीच्या महागड्या साइट, अमेरिकी सैन्याकडे होत्या. कडाक्याच्या थंडीत आणि उष्णतेत त्यांचं झिरो सरकत होतं. हे ठाऊक असूनही सरकारपासून दडवल्याच्या आरोपावरून नोव्हेंबर २०१५ मध्ये कंपनीने २ कोटी ५६ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं, आणि पुढे सामान्य गिऱ्हाइकांनाही पैसे परत देऊ केले. किंमत म्हणजे हमी नव्हे. वर्षानुवर्षं मार खाऊन टिकल्याची नोंद ही त्यापेक्षा बरी हमी. एमपॉइंटची साइट १९९७ पासून अमेरिकी पायदळाच्या रायफलींवर आहे. त्यांच्या किमतीत हा इतिहासही मोजलेला असतो.

कोणत्या बंदुकीला स्वस्त चालेल?

‘सगळ्यात चांगली स्वस्त साइट कोणती?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘कशावर बसवणार?’ हा उलट प्रश्न आधी विचारावा लागतो.

छऱ्याची एअर रायफल किंवा पॉइंट २२ ची (लहान गोळीची) रायफल असेल तर हिसका जवळपास नसतोच. एका मोठ्या अपवादासह. स्प्रिंगवर चालणाऱ्या एअर रायफलीत पिस्टन पुढे आदळतो आणि बंदुकीला आधी मागे, मग पुढे असा दुहेरी झटका बसतो. भल्याभल्या साइट त्याने खिळखिळ्या होतात. एरवी या बंदुकांवर बुशनेलची टीआरएस-२५ सारखी १०० डॉलरच्या आतली साधी साइट वर्षानुवर्षं चालते. तिथे याहून जास्त खर्च मला तरी उधळपट्टी वाटते.

एआर-१५ घराण्यातली अर्धस्वयंचलित रायफल ही स्वस्त साइटची खरी जागा. हिसका मध्यम, साइट घट्ट पट्टीवर बसलेली, आणि अंतरही बहुधा १०० यार्डांच्या आतलं. साधारण १२० ते २०० डॉलरमध्ये सिग सॉअरची रोमिओ५, होलोसनची ४०३ मालिका, व्होर्टेक्सची क्रॉसफायर, प्रायमरी आर्म्सच्या एसएलएक्स मालिकेतल्या साइट असे चार-पाच पर्याय मिळतात. त्यांच्यात डावं-उजवं करत महिनाभर रात्री जागवण्यात अर्थ नाही. जी सवलतीत असेल ती घ्यावी.

बारा बोअरची शॉटगन जोरदार लाथ मारते. टर्की पक्ष्याच्या शिकारीसाठी लोक तिच्यावर ठिपका लावतात खरा, पण शॉटगनसाठी चालेल असं निर्मात्याने स्पष्ट लिहिलेलं नसेल तर पैसे जपून ठेवावेत.

आणि पिस्तूल. नवख्याची चूक होते ती नेमकी इथे, कारण त्याला वाटतं लहान बंदूक, लहान हिसका, लहान साइट, लहान किंमत. खरं उलट आहे. रायफलीवरची साइट अख्ख्या रायफलीसोबत हलते. पिस्तुलावरची साइट बसते स्लाइडवर, म्हणजे वरच्या त्या सरकत्या भागावर, जो दर गोळीला झटक्यात मागे जाऊन आदळतो आणि तेवढ्याच जोरात पुढे येऊन थडकतो. साइटलाही प्रत्येक वेळी दोन्हीकडे आपटावं लागतं. ट्रिजिकॉन कंपनीची आरएमआर ही पिस्तुलासाठीची साइट २००९ मध्ये आली, आणि तिचा दबदबा झाला तो याच माराला टिकण्यामुळे. म्हणून पिस्तुलावर, तेही जीव वाचवण्यासाठी ठेवलेल्या पिस्तुलावर, माझी खालची मर्यादा होलोसन ५०७सी किंवा ४०७सी च्या आसपास, म्हणजे साधारण अडीचशे-तीनशे डॉलरची आहे. तेवढे नसतील तर लोखंडी साइट ठेवावी आणि उरलेल्या पैशांच्या गोळ्या घेऊन सराव करावा. त्यात कमीपणा काही नाही.

३० ते ५० डॉलरमध्ये हुबेहूब एमपॉइंटसारख्या दिसणाऱ्या साइटही ऑनलाइन मिळतात. त्यातल्या बऱ्याच एअरसॉफ्टच्या, म्हणजे प्लॅस्टिकचे मणी उडवणाऱ्या खेळण्यांच्या आहेत. काहींवर तर मूळ कंपनीचं नावही छापलेलं असतं. खऱ्या बंदुकीवर त्या दोन मॅगझिनही टिकत नाहीत.

डब्यावरचे आकडे: कोणते वाचायचे, कोणते सोडायचे

ठिपक्याचा आकार एमओएमध्ये देतात. हे कोनाचं माप आहे, एका अंशाचा साठावा भाग. लक्षात ठेवायचं एवढंच, की १ एमओए म्हणजे १०० यार्डांवर साधारण १ इंच. म्हणजे २ एमओएचा ठिपका १०० यार्डांवर २ इंच झाकतो आणि २५ यार्डांवर अर्धा इंच. रायफलीला २ किंवा ३ बरे. पिस्तुलावर मोठा ठिपका पटकन नजरेत भरतो, म्हणून तिथे ६ पर्यंत चालतो.

बॅटरीचे तास वाचून हुरळून जाऊ नये. रोमिओ५ वर ४०,००० तास लिहिलेले असतात, होलोसनच्या बऱ्याच साइटवर ५०,०००. ५०,००० तास म्हणजे सलग साडेपाच वर्षांहून जास्त. पण हा आकडा मध्यम उजेडावरचा असतो. भर उन्हात पूर्ण तेजावर ठेवली तर तो झपाट्याने खाली येतो. तरीही बॅटरी ऐन वेळी दगा देईल ही भीती आता बरीच जुनी झाली आहे. हलवल्याबरोबर जागी होणारी आणि पडून राहिल्यावर झोपणारी साइट १५० डॉलरच्या आत मिळते, आणि ही सोय मी पैसे देऊन घ्यायच्या यादीत सगळ्यात वर ठेवेन. वर्षातून एकदा, दिवाळीला म्हणा, बॅटरी बदलून टाकायची. सीआर२०३२ चं बटण दोन डॉलरला येतं. एक बारीक गोष्ट: मुलांनी गिळू नयेत म्हणून काही कंपन्या या बॅटरींवर कडू लेप देतात, आणि त्या लेपामुळे काही साइटमध्ये जोडणी नीट होत नाही. नव्या बॅटरीवर साइट पेटली नाही तर ती बिघडली असं समजण्याआधी दुसऱ्या कंपनीची घालून बघा.

बॅटरी कुठून बदलायची हेही विकत घेण्यापूर्वी पाहून ठेवा. काही साइट बॅटरीसाठी बंदुकीवरून उतरवाव्या लागतात. उतरवली की झिरो पुन्हा तपासणं आलं. बाजूच्या खणातून किंवा वरून बॅटरी निघत असेल तर हा ताप वाचतो.

पाण्याचा आकडा आयपीएक्स७ असेल तर साइट एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरायला हवी. एवढं पुरे. नाइट व्हिजनसाठीच्या (अंधारात पाहायच्या उपकरणासाठीच्या) उजेडाच्या अतिमंद पायऱ्या ज्याच्याकडे ते उपकरण नाही त्याच्या काही कामाच्या नाहीत. सौर पट्टी असली तर वाईट नाही, नसली तरी अडत नाही.

डब्यावर ठळक न लिहिलेली पण महत्त्वाची गोष्ट म्हणजे साइट उघडी आहे की बंद. उघड्या साइटमध्ये एलईडी आणि काच यांच्यामधली जागा मोकळी असते. तिथे पावसाचा एक थेंब किंवा कपड्याचा धागा अडकला की ठिपका फुटतो. बंद साइटमध्ये पुढेमागे काच असते. रायफलीसाठीच्या नळीच्या आकाराच्या स्वस्त साइट मुळातच बंद असतात, हा त्यांचा मोठा गुण कोणी फारसा सांगत नाही. पिस्तुलासाठीच्या बंद साइट सुरुवातीला महागच होत्या.

‘मला ठिपका गोल दिसतच नाही’

ही तक्रार घेऊन कित्येक लोक चांगली साइट परत करतात. ठिपक्याच्या जागी कुणाला धूमकेतू दिसतो, कुणाला द्राक्षाचा घड, तर कुणाला एकाला लागून दोन ठिपके. बहुतेक वेळा दोष साइटमध्ये नसतो. डोळ्याच्या पारपटलाचा आकार थोडा बेढब असतो. त्याला अॅस्टिग्मॅटिझम म्हणतात आणि तो खूप जणांना असतो. चष्म्याच्या चिठ्ठीवर ‘सिलिंडर’च्या रकान्यात आकडा असेल तर तुम्हीही त्यातलेच.

ओळखायची रीत सोपी आहे. साइट बंदुकीवर चढवण्याआधी हातात घेऊन डोळ्यासमोर हळूहळू गोल फिरवा. ठिपक्याची शेपटी साइटबरोबर फिरली तर खोट साइटची. ती एकाच दिशेला राहिली तर डोळ्याची. मोबाइलचा कॅमेरा काचेमागे धरून फोटो काढला तरी कळतं, कारण कॅमेऱ्याला अॅस्टिग्मॅटिझम नसतो.

डोळ्याचा दोष निघाला तर आधी उजेड कमी करून पाहा. नवखे लोक ठिपका इतका तेज ठेवतात की चांगल्या डोळ्यालाही तो पसरट दिसावा. लांबचा चष्मा लावून पाहा. हिरवा ठिपका काहींना जास्त रेखीव दिसतो, आणि ज्यांना लाल रंग मंद दिसतो त्यांनी तर हिरवाच घ्यावा. एवढं करूनही घड तो घडच राहिला तर प्रिझम साइट घ्यावी. तिच्यात खूण काचेवर कोरलेली असते आणि डोळ्याच्या नंबराप्रमाणे जुळवताही येते. प्रायमरी आर्म्सची छोटी प्रिझम साइट अडीचशे-तीनशे डॉलरच्या घरात मिळते. तिच्यात डोळा मात्र बरोबर मागच्या ठराविक अंतरावर ठेवावा लागतो.

खर्च साइटवर संपत नाही

साइट बसते कशावर, याचा हिशेब लोक शेवटी करतात. रायफलीवर वर खाचांची एक पट्टी असते. तिचं माप १९९५ पासून लष्करी मानकात ठरलेलं आहे आणि न्यू जर्सीतल्या पिकॅटिनी इथल्या शस्त्रागाराच्या नावावरून तिला पिकॅटिनी रेल म्हणतात. तिच्यावर बहुतेक कोणतीही साइट चढते. प्रश्न उंचीचा. एआर-१५ चा दस्ता नळीच्या सरळ रेषेत असल्याने साइट दीडेक इंच वर न्यावी लागते, नाहीतर गाल दाबून मान अवघडते. रोमिओ५ सारख्या साइटच्या डब्यात ठेंगणा आणि उंच असे दोन्ही ठोकळे येतात. ज्यांच्याबरोबर उंच ठोकळा येत नाही त्यांच्या किमतीत तो मिळवून मगच तुलना करावी.

पिस्तुलात गुंता जास्त. स्लाइडवर साइटसाठी खाचा आणि स्क्रूची भोकं असावी लागतात, आणि ही भोकांची रचना प्रत्येक घराण्याची वेगळी: आरएमआरची एक, शील्ड कंपनीच्या छोट्या आरएमएससीची दुसरी, एमपॉइंट अॅक्रोची तिसरी. ग्लॉकने २०१५ मध्ये मधली पट्टी बदलून वेगवेगळ्या साइट बसवता येतील अशी पिस्तुलं आणली. पण पट्टी म्हणजे आणखी एक सांधा आणि आणखी दोन स्क्रू. आधी पिस्तुलाची रचना पाहा, मग तिच्यात थेट बसणारी साइट शोधा. उलटं केलं तर सवलतीत घेतलेली साइट गनस्मिथच्या (बंदुकीच्या कारागिराच्या) बिलात दुप्पट होते.

स्क्रू हाताच्या अंदाजाने आवळू नयेत. ढिले राहिले तर साइट उडते, जास्त आवळले तर डोकं तुटतं. निर्मात्याने दिलेल्या मापाला टॉर्क पान्याने (नेमका जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळायचे आणि आट्यांना निळं लॉकटाइट, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक, लावायचं. लालच्या वाटेला जाऊ नका, ते उकलायला तापवावं लागतं. मग स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या धातूवर रंगाची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला.

आणि खर्चाची गोष्ट निघालीच आहे म्हणून: घरात मुलं असतील आणि बंदुकीसाठी कुलपाची पेटी अजून घेतलेली नसेल, तर साइटचे पैसे आधी तिकडे वळवा. यावर मला वाद घालायचा नाही.

‘चिनी माल आहे हो सगळा!’

आहे. रोमिओ५ चीनमध्ये बनते, क्रॉसफायरही, टीआरएस-२५ ही आणि होलोसन तर बहुतांश तिथलीच. नाव अमेरिकी, हमी अमेरिकी, कारखाना चिनी, असा हा सगळा मधला बाजार आहे. पण त्याच देशात ३० डॉलरचं खेळणंही बनतं. फरक देशात नसून मागणी करणारा कोणत्या कसोट्या लावतो आणि बिघडलेला माल कोण परत घेतो, यात आहे. म्हणून स्वस्त साइट घेताना मी हमीपत्र आधी वाचतो. व्होर्टेक्सची हमी आयुष्यभराची, कारण न विचारता दुरुस्त करून वा बदलून देणारी, आणि बिल नसलं तरी दुसऱ्या मालकालाही लागू असणारी आहे. वापरलेली साइट घ्यायची असेल तर अशी हमी सोन्यासारखी. तत्त्व म्हणून चिनी नको असेल तर ते मत मान्य, पण मग एमपॉइंटच्या ‘प्रो’ या साइटसाठी बरेच जास्त डॉलर बाजूला ठेवावे लागतील.

घेतल्यावर पहिल्या महिन्यात

परत करायची मुदत संपायच्या आत साइटला पिडून घ्या. बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करून साइट चढवा. चार दिवस ती सतत पेटती ठेवा. मग मैदानावर झिरो करा आणि त्यानंतर टिचक्यांची परीक्षा घ्या: त्याच बिंदूवर नेम धरून गोळ्या मारायच्या, मग ठराविक टिचक्या वर, तेवढ्याच उजवीकडे, खाली आणि पुन्हा डावीकडे, दर थांब्यावर दोन-तीन गोळ्या. कागदावर चौकोन उमटला पाहिजे आणि शेवटच्या गोळ्या पहिल्या भोकांपाशी परतल्या पाहिजेत. चौकोन वाकडा आला तर बिल काढा आणि दुकान गाठा.

त्यानंतर दोनेकशे गोळ्या तरी झाडून झिरो पुन्हा बघा. पहिल्या पन्नास गोळ्यांत किंचित सरकलं तर बहुधा स्क्रू बसत असतात. दीडशेनंतरही सरकत असेल तर साइटमध्येच दोष आहे.

भारतात भाच्यासाठी नेता येईल का?

अमेरिकेत रेड डॉट घ्यायला बंदुकीसारखी पार्श्वभूमी-तपासणी लागत नाही, ती टपालानेही घरी येते. त्यामुळे कोल्हापूर-पुण्याकडे नेमबाजी करणाऱ्या भाच्यासाठी एक बॅगेत टाकावी, असं वाटणं साहजिक आहे. टाकू नका. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या निर्यात नियमांत बंदुकीच्या ऑप्टिकल साइटसाठी ०ए५०४ ही स्वतंत्र नोंद आहे. देशाबाहेर नेण्यापूर्वी परवाना लागतो का हे तपासण्याची जबाबदारी नेणाऱ्याची असते, आणि भेटवस्तू म्हणून सामानात घातलेली साइटही निर्यातच ठरते. इकडे उतरल्यावर भारतीय कस्टम्सचे प्रश्न वेगळेच.

शिवाय भाचा १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूल खेळत असेल तर त्याला तिचा स्पर्धेत उपयोग शून्य. ऑलिंपिकच्या रायफल-पिस्तूल प्रकारांत आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे नियम ठिपक्याची किंवा दुर्बिणीची साइट चालू देत नाहीत. स्वप्नील कुसाळेने ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक मिळवलं, ते मागच्या बारीक भोकातून पुढच्या कड्याकडे पाहत, बॅटरीशिवाय. भाच्याला काही न्यायचंच असेल तर त्याच्या प्रशिक्षकांना विचारून चांगलं नेमबाजीचं जॅकेट किंवा हातमोजा न्या.